मदत हवी आहे : एका लेखकाकडून दुसऱ्याकडे कसं जाता?

नमस्कार मंडळी,

मला वेगवेगळ्या काळातलं आणि वेगवेगळ्या प्रकारचं वाचायचं आहे, पण 'शंभर सर्वोत्तम पुस्तकं' छापाच्या याद्या नकोत. त्यात पुस्तकं सुटी सुटी येतात, त्यांचं एकमेकांशी नातं कळत नाही.

रहस्यकथांच्या बाबतीत मला धागा सापडला. शेरलॉक होम्स पहिल्यांदा १८८७ मध्ये आला. त्या पहिल्याच कादंबरीत वॉटसन त्याची तुलना एडगर अ‍ॅलन पोच्या द्यूपँ या गुप्तहेराशी करतो, आणि होम्स द्यूपँला चक्क मोडीत काढतो! म्हणून पोची १८४१ ची कथा वाचली, मग मधल्या काळातली विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' (१८६८). एकाच प्रकाराची वाढ डोळ्यांसमोर उलगडत गेली. असा आनंद मला यादीवरून वाचताना कधीच मिळाला नाही.

आता हेच आत्मचरित्रांत आणि विज्ञानकथांत करायचं आहे. रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आठवणी वाचून झाल्या आहेत. त्यांच्यानंतर कुणाकडे वळू? विज्ञानकथांत 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) आणि नारळीकर ही दोन टोकं माहीत आहेत, मधलं जवळजवळ सगळं कोरं आहे. कवितेचं नंतर बघू.

नुसती नावं नकोत. अमुक पुस्तकानंतर तमुकच का वाचायचं, एवढं एका ओळीत लिहिलंत तर फार उपयोग होईल. प्रस्तावना, अर्पणपत्रिका, अनुवादकाचं मनोगत यांतून कुणाला नवा लेखक सापडला असेल, तर तेही जरूर सांगा. अनुवाद चालतील, फक्त संक्षिप्त आवृत्ती नको.