धोका पटूनही तंबाखू का सुटत नाही?

प्रश्न (सिडको, नाशिक):
माझा धाकटा भाऊ अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीने काम करतो. पुडीवरचे कर्करोगाचे चित्र तो रोज पाहतो आणि त्याच पुडीतली तंबाखू तळहातावर चुन्यासोबत मळतो. विषय काढला की म्हणतो, "दादा, सगळं पटतं, पण माझ्याच्यानं होणार नाही." पटूनही माणूस बदलत नसेल, तर उणीव नेमकी कशाची समजावी?

उत्तर (गंगापूर रोड):
उणीव त्यानेच सांगितली आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हाच भेद मांडला: एखाद्या कृतीने भले होईल असे वाटणे निराळे आणि ती कृती मला जमेल हा विश्वास निराळा. दुसरा नसेल तर माणूस सुरुवातच करत नाही, किंवा पहिल्या अडचणीलाच माघार घेतो. हा विश्वास सर्वांत जास्त वाढतो तो स्वतः करून दाखवल्याने, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला जमलेले पाहिल्याने. म्हणून त्याला आणखी भीती घालू नये. रात्रपाळीत चहाच्या सुट्टीला सगळे मिळून मळतात, ती एकच वेळ त्याने आधी टाळून पाहावी. ती जमली की पुढची.

उत्तर (पंचवटी):
वरील मताशी सहमत आहे, मात्र नुसत्या शाबासकीवर विसंबू नये. शब्दांनी आलेला धीर पहिल्या अपयशात ओसरतो. शिवाय तंबाखू थांबवल्यावर चिडचिड होते, झोप मोडते, कामात लक्ष लागत नाही. ही निकोटीन बंद झाल्याची लक्षणे असतात आणि काही आठवड्यांत ती उतरतात, पण हे आधी ठाऊक नसेल तर माणूस त्यांनाच स्वतःच्या दुबळेपणाचा पुरावा मानतो. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुष्कळ जण नेमके याच टप्प्यावर परत फिरतात. एखाद्या दिवशी मोह झालाच, तर "सगळं संपलं" असे त्याला वाटू देऊ नका; कोणत्या वेळी आणि कोणासोबत असताना झाला, एवढेच शांतपणे विचारा. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेवर समुपदेशनही मिळते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. त्याच्याच खात्यातील एका सहकाऱ्याने तंबाखू पूर्ण सोडली आहे. इतके दिवस मी त्याचे उदाहरण भावाला टोमण्यासारखे ऐकवत होतो. आता त्या सहकाऱ्यालाच रविवारी घरी जेवायला बोलावतो. पहिले आठवडे त्याने कसे काढले, ते भावाने त्याच्याच तोंडून ऐकावे. मी मध्ये बोलणार नाही.