सीसी लिमिटच्या अटी मोडल्याचं बँकेचं पत्र आलंय, उत्तराला ९ दिवस उरलेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कच्ची कास्टिंग्ज विकत घ्यायची, मशीनिंग करायचं आणि ट्रॅक्टरवाल्यांना, पंपवाल्यांना माल द्यायचा. काही गिऱ्हाईकं स्वतःची कास्टिंग्ज पाठवतात, त्यांचं फक्त जॉबवर्क करतो. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, आबा आणि काका दोघे संचालक, कामाला ३४ माणसं. फेब्रुवारीत आबांची बायपास झाली, तेव्हापासून हिशेब आणि बँक माझ्याकडे आहे. मी बीकॉम आहे, टॅली आणि जीएसटी येतं. कर्जाचे करार मात्र यापूर्वी कधी उघडून पाहिले नव्हते.

राष्ट्रीयीकृत बँकेची १ कोटी ८० लाखांची कॅश क्रेडिट (सीसी, खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज) लिमिट आहे, मशीनच्या टर्म लोनचे ४२ लाख शिल्लक आहेत. स्टॉक आणि येणी हायपोथिकेशनला (ताबा आमच्याकडे, पण बँकेला तारण), एमआयडीसीचा प्लॉट गहाण, शिवाय आईच्या नावचा राजारामपुरीतला गाळाही गहाण. नूतनीकरणाची मुदत ३१ मेला संपली. जूनमध्ये स्टॉक ऑडिट झालं आणि ६ ऑगस्टला पत्र आलं. उत्तराला १५ दिवस दिलेत. आज १२ तारीख.

पत्रातली पहिली तक्रार स्टॉक स्टेटमेंटची आहे. आम्ही स्टॉक १३५ लाख दाखवत होतो. ऑडिटला आलेल्या साहेबांनी शेडमध्ये फिरताना एका रॅकवरच्या कास्टिंग्जवर खडूनं फुल्या मारल्या आणि सुपरवायझरला विचारलं, "हे बिल कुणाच्या नावानं आलंय?" बिल नव्हतंच. तो जॉबवर्कला आलेला गिऱ्हाइकाचा माल होता, १८ लाखांचा. वर्षानुवर्षं तो आमच्याच स्टॉकमध्ये मोजला जात होता. आबांना विचारलं तर म्हणाले, "आपल्या छपराखाली आहे म्हणून धरत होतो." लबाडी नव्हती हो, पण कागदावर ती लबाडीच दिसते, आणि हे लिहिताना मला फार लागतंय.

येणी १६० लाख दाखवली होती, त्यातली ४८ लाख ९० दिवसांवरची निघाली. त्यात ३१ लाख एकाच गिऱ्हाइकाकडे अडकलेत. मालात सच्छिद्रपणा आला म्हणून त्यांनी डेबिट नोट (बिलातून कपातीचा कागद) लावून पैसे धरून ठेवलेत, दोष फाउंड्रीचा की आमचा हा वाद सुरू आहे. या सगळ्यामुळे बँकेनं १ जुलैपासून ड्रॉइंग पॉवर (स्टॉक आणि येण्यांच्या हिशेबानं प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम) कमी केली. खात्याची बाकी १५८ लाख आहे.

दुसरी तक्रार, काकांनी कंपनीत ठेवलेले २५ लाख गेल्या वर्षी घर बांधायला काढून घेतले. मंजुरीपत्र ११ पानी आहे. सातव्या पानावर अट आहे की संचालक आणि नातेवाइकांची बिनतारण कर्जं बँकेचं कर्ज असेपर्यंत परवानगीशिवाय काढायची नाहीत. त्या पानाच्या तळाला काकांची सही आहे. काका म्हणतात, "माझेच पैसे, मला कोण अडवणार?"

तिसरी तक्रार व्हीएमसी मशीनची. मशीन एका फायनान्स कंपनीच्या कर्जावर घेतलं, आमच्या बँकेचं ना हरकत पत्र न घेता. चौथी करंट रेशोची (चालू मालमत्ता भागिले चालू देणी). अट १.३३ ची होती, ताळेबंदात १.१२ आला.

आता बँक म्हणते नूतनीकरण हवं असेल तर आईनं वैयक्तिक हमी द्यावी. आत्तापर्यंत आईनं फक्त गहाणखतावर सही केलीय. परवा कागद घरी आणले तर चष्मा लावून पेन हातात घेऊन विचारत होती, "कुठं करू गं सही?" मीच थांबवलं.

माझे प्रश्न: बँक सगळं कर्ज एकदम परत मागू शकते का? उत्तरात चूक कबूल करावी की वकिलाकडून गोलमोल लिहून घ्यावं? दर महिन्याला खात्यातून "२ टक्के जादा व्याज" कापतायत, ते बरोबर आहे का? आईनं सही करावी का? काका म्हणतात बँकच बदलून टाकू. जाणकारांनी कृपया सांगा.

— शिरोली_मशीनशॉप


निवृत्त_कर्जअधिकारी यांचा प्रतिसाद:

ताई, प्रश्न आकड्यांसकट मांडलात म्हणून नेमकं सांगता येतंय. तुमच्या मंजुरीपत्रात मार्जिन (ज्या हिश्शावर बँक कर्ज देत नाही तो) किती आहे? बहुतेक स्टॉकवर २५ आणि येण्यांवर ४० टक्के असावं. आणि फाउंड्रीवाल्यांचं देणं किती?


शिरोली_मशीनशॉप:

हो साहेब, २५ आणि ४० च आहे. देणं ४५ लाख.


निवृत्त_कर्जअधिकारी:

मग हिशेब असा. तुमचा खरा स्टॉक ११७ लाख. त्यातून देणं ४५ वजा केलं की उरले ७२, मार्जिन सोडून ५४. येणी ९० दिवसांच्या आतली ११२, त्याचे ६० टक्के म्हणजे ६७.२. एकूण ड्रॉइंग पॉवर १२१.२ लाख. बाकी १५८. म्हणजे ३६.८ लाखांनी खातं वर आहे. लिमिट १८० ची आहे म्हणून तुम्हाला वाटतं अजून जागा आहे. तशी ती नाही, लिमिट आणि ड्रॉइंग पॉवर यात जे कमी तेवढंच तुमचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सीसी खातं सलग ९० दिवस ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिलं की एनपीए (थकीत कर्ज) होतं. १ जुलैपासून मोजा, २८ सप्टेंबरला ९० दिवस भरतात. आज ४३ वा दिवस, म्हणजे तुम्ही एसएमए-१ मध्ये (एनपीएआधीच्या इशाऱ्याच्या टप्प्यात) आहात. ३० ऑगस्टला त्यापुढच्या एसएमए-२ मध्ये जाल. नूतनीकरणाचंही घड्याळ वेगळं चालू आहे, मुदत संपल्यापासून १८० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तरी खातं एनपीए धरतात. आणि स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं तर त्या ड्रॉइंग पॉवरवरची बाकीच अनियमित समजली जाते. तेव्हा जुलैचं खरं स्टेटमेंट उद्याच्या उद्या द्या, गिऱ्हाइकाचा माल वेगळ्या रकान्यात दाखवून.

वसुली कुठून करायची हेही नीट समजून घ्या. ताज्या बिलांचे १० लाख आले तर बाकी १० नं उतरते, पण ड्रॉइंग पॉवरही ६ नं उतरते. हाती लागतात फक्त ४. जुन्या ४८ लाखांवर बँक तुम्हाला आज एक रुपयाही देत नाही, त्यामुळे तिथून आलेला प्रत्येक रुपया पूर्णच्या पूर्ण उपयोगी पडतो. ३१ लाखांचा वाद मिटवणं हेच तुमचं मुख्य काम. दोन-तीन लाख सोडून द्यावे लागले तरी सोडा, असं मी माझ्या मुलीलाही सांगितलं असतं.

कर्ज एकदम मागता येतं का? सीसी मागणी करताच परत करण्याचं कर्ज असतं, करारात तसं लिहिलेलं असतंच. पण चालत्या कारखान्याचं खातं बुडवण्यात शाखेला काही मिळत नाही. शाखा बघते माणूस समोर येतो की तोंड लपवतो. गोलमोल उत्तर अजिबात देऊ नका. जे झालं ते लिहा, कसं झालं ते लिहा आणि कोणत्या तारखेला किती रक्कम भरणार ते लिहा. मशीनच्या कर्जाला कार्योत्तर मंजुरी मागा. करंट रेशोसाठी सवलतीची विनंती करा, पण किती महिन्यांत १.३३ वर येणार त्याचा तक्ता जोडा.


उद्यमनगरकर यांचा प्रतिसाद:

ताई, आमच्यावर २०२१ च्या पुरानंतर हीच वेळ आली होती, म्हणून एक वेगळीच गोष्ट सांगतो. स्टॉकच्या विम्याची पॉलिसी बाहेर काढून बघा. बँकेच्या नावाचं कलम आहे का, पूर त्यात धरलाय का आणि रक्कम आजच्या स्टॉकएवढी आहे का. आमची रक्कम जुनीच राहिली होती, तेव्हा नुकसानीतला फक्त त्या प्रमाणातला भाग मिळाला. हायवेवर पाणी आलं की शिरोलीत काय होतं ते २०१९ लाही आपण सगळ्यांनी पाहिलंय. विमा कमी असणं हेही कराराचं उल्लंघनच असतं. पाचवा मुद्दा होऊ देऊ नका.

काकांचं म्हणाल तर त्यांच्याशी भांडून काही होणार नाही. आमच्या थोरल्यांना मी कागद वाचून दाखवला नाही, हिशेब दाखवला. १० लाख परत ठेवले तर खातं किती खाली येतं आणि नाही ठेवले तर संचालक म्हणून सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदीत) त्यांच्याही नावापुढे काय दिसेल, एवढंच. दुसऱ्या दिवशी चेक आणून दिला.


सीए_राजारामपुरी यांचा प्रतिसाद:

उरलेल्या मुद्द्यांवर लिहितो.

जादा व्याज: रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आहे. अट मोडल्याचा दंड व्याजदरात मिसळायचा नाही, तो दंडशुल्क म्हणून वेगळा लावायचा आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज लावायचं नाही. किती आणि कशासाठी हे कर्ज करारात आधी लिहिलेलं असलं पाहिजे. एप्रिलपासूनचा खातेउतारा काढा, कोणत्या अटीसाठी किती दंड लावला याचा तपशील शाखेकडे लेखी मागा. पण हे मूळ उत्तरात घालू नका, वेगळं पत्र द्या. एकाच कागदावर कबुली आणि तक्रार आली की दोन्ही फिकी पडतात.

आईंची सही: हा माझ्या मते धाग्यातला सर्वांत गंभीर प्रश्न. नुसत्या गहाणखतात त्यांची जबाबदारी गाळ्यापुरती असू शकते, मात्र त्यात वैयक्तिक जबाबदारीचं कलम आधीच नाही ना ते तपासा. वैयक्तिक हमी दिली की करार कायदा १८७२, कलम १२८ प्रमाणे हमीदार कर्जदाराइतकाच बांधील, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर. त्यांच्या ठेवी, दुसरी मालमत्ता, सगळं त्यात येतं. म्हणून हमी गाळ्याच्या मूल्यापुरती मर्यादित ठेवावी असं लेखी मागा. बँका हे कधी मान्य करतात, कधी नाही, पण न मागता कुणी देत नाही. आणि चालू हमी (पुढच्या व्यवहारांनाही लागू राहणारी) कलम १३० प्रमाणे नोटीस देऊन मागे घेता येते, पण फक्त पुढच्या व्यवहारांपुरती. झालेल्या कर्जातून सुटका नाही, हे आईंना सहीआधी मराठीत सांगा.

मशीनचं कर्ज: फायनान्स कंपनीचा करारही वाचा. बहुतेकांत असं कलम असतं की दुसऱ्या कुठल्याही कर्जात कसूर झाली तर इथेही कसूर धरू. म्हणजे बँकेचं खातं बिघडलं की तिकडूनही मागणी येईल. त्यांचा बोजा कंपनी निबंधकांकडे नोंदला गेला असणार, बोजा निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत त्यासाठीचा सीएचजी-१ फॉर्म भरावा लागतो. बँकेला तिथूनच कळलं असेल.

वसुली: तुमची उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं मासिक चक्रवाढ व्याज लागतं. अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो, पण गिऱ्हाईक तुटू शकतं. आधी त्यांच्या क्वालिटीच्या माणसाला आणि फाउंड्रीवाल्याला एकाच टेबलावर बसवा.

बँक बदलणं: आत्ता नको. नवी बँक पहिल्यांदा वर्षाचा खातेउतारा मागेल आणि एसएमए बघून थांबेल. खातं सहा महिने स्वच्छ चालल्यावर बघू. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर सूक्ष्म-लघु उद्योगांकडून व्यापारी बँकांना मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. तेव्हा नूतनीकरणानं तुमचं नुकसान नाही, उलट पुढची वाट मोकळी होते.

आणि अडचण जास्त वाटली तर एनपीए व्हायच्या आधी शाखेकडे एमएसएमई पुनरुज्जीवन चौकटीखाली (अडचणीतलं लघुउद्योगाचं खातं सावरण्याची व्यवस्था) अर्ज करा. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना ती लागू आहे, रिझर्व्ह बँकेचं मार्च २०१६ चं परिपत्रक. खातं एनपीए झाल्यावर तो आग्रह धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.


शिरोली_मशीनशॉप:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा मी आबांना मोठ्यानं वाचून दाखवला. ड्रॉइंग पॉवरचा हिशेब ऐकून त्यांनी वही मागितली आणि स्वतः पुन्हा मांडून बघितला. म्हणाले, "वीस वर्षं लिमिट बघत होतो, हे कुणी सांगितलंच नाही."

काका तयार झालेत. १० लाख या आठवड्यात ठेवणार, उरलेले १५ मार्चपर्यंत, तसं पत्रात त्यांच्या सहीनिशी लिहिणार. ३१ लाखांच्या वादासाठी सोमवारी फाउंड्रीवाले आणि गिऱ्हाइकाची क्वालिटीची माणसं आमच्याच शेडमध्ये येणार आहेत, परत आलेले ४० नग कापून सगळ्यांसमोर बघायचं ठरलंय. आईची सही थांबवलीय, मर्यादित हमीची विनंती वेगळ्या पत्रात करतेय. विम्याची पॉलिसी काढली, रक्कम ९० लाखच होती. आज वाढवून घेतली.

जुलैचं स्टेटमेंट सकाळी शाखेत दिलं. मॅनेजर साहेबांनी जॉबवर्कचा वेगळा रकाना बघितला, काही बोलले नाहीत, पण बसा म्हणाले आणि गुरुवारी ११ वाजता काकांना घेऊन यायला सांगितलं.

उत्तराचा मसुदा उद्या रात्री नावं काढून इथं टाकते. निवृत्त_कर्जअधिकारी साहेब, तारखांच्या तक्त्यावर तेवढी नजर टाकाल का? सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात २० लाख भरतो असं लिहावं असं आबांना वाटतं, मला मात्र १५ च लिहायचेत, कारण तेवढे नक्की येतील.