युद्धाची जखम इतकी गोड दाखवावी का?

कोपऱ्यातला_प्रेक्षक
काल 'अ मंथ इन द कंट्री' (१९८७) पाहिला. १९२० चा उन्हाळा, यॉर्कशरमधलं खेडं. पहिल्या महायुद्धातून परतलेला टॉम बर्किन (कॉलिन फर्थ) चर्चच्या भिंतीवर चुन्याखाली दडलेलं मध्ययुगीन चित्र मोकळं करायला येतो. बाहेर कुरणात जेम्स मून (केनेथ ब्रॅना) जुनी कबर शोधतोय, तोही लढून आलेला. ऊन, गवत, पाद्र्याची देखणी बायको. सिनेमा सुंदर आहे, आणि तिथेच मला खटकला. ज्या युद्धात 'भित्रे', 'पळपुटे' ठरवून ब्रिटिशांनी स्वतःच्याच ३०० हून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या (माफी २००६ साली!), ते एका उन्हाळ्यात विरघळतं होय?

चुनखडी
विरघळतं कुठे? बर्किनचं तोंड बघा की. साधं बोलायचं तरी शब्द अडकतो, गाल उडतो. आणि चुन्याखालून निघतं ते काय फुलं-पाखरं आहेत? ख्रिस्ती धर्मातला शेवटच्या निवाड्याचा दिवस आहे, माणसं नरकात कोसळतायत! आमच्या गावच्या देवळात चुन्याचे थर काढताना पाहिलंय, जरा जोर लागला की खालचं चित्रच पोपडा होऊन हातात येतं. दिग्दर्शकाने हात हलका ठेवलाय तो त्यासाठी.

साताऱ्याची_पणती
कोपऱ्यातल्या प्रेक्षकांशी सहमत. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होते. तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात जवळजवळ पाच महिने उपासमार, घोडी कापून खायची पाळी आली. एप्रिल १९१६ मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली, त्यात हेही कैद. सुटून घरी आले ते दुसऱ्या दिवशी औतामागे. आजी सांगायची, कुणाच्या ताटात भाकरीचा तुकडा उरला की गुपचूप मुंडाशात बांधून ठेवायचे. मरेपर्यंत. खेड्यात चार दिवस राहिलं की माणूस बरा होतो, ही शहरातून आलेल्या साहेबाची कल्पना. जो मूळचाच खेड्यातला, त्याने कुठे जायचं?

चुनखडी
ताई, तुम्ही भाकरीचं सांगितलंत, तोफांचं नाही. आणि मला ते मुंडासं डोळ्यापुढून जाईना. सिनेमा याहून वेगळं काय करतो?

कोपऱ्यातला_प्रेक्षक
हं. हा मुद्दा बिनतोड आहे, खोटं कशाला बोलू. पण मूनचं काय? ज्या सैन्याने त्याला शौर्यपदक दिलं त्यानेच समलिंगी म्हणून तुरुंगात टाकलं. एवढी मोठी गोष्ट, आणि जाता जाता उरकलीय.

चुनखडी
१९२० साली तो ती चारचौघांत सांगणार होता का?

कोपऱ्यातला_प्रेक्षक
त्याने नको सांगू दे. सिनेमा १९८७ चा आहे ना, त्याला कुणी अडवलं होतं? माझं मत कायम.

साताऱ्याची_पणती
एक कबुली. मी सिनेमा अजून पाहिलेलाच नाही 😅 शनिवारी बघते, मग नीट भांडते.