विडी कामगारांवर प्रबंध: पॉप्युलेशन, फ्रेम, युनिट... कुणी समजावेल का?

कडक_भाकरी:
एमए सोशिऑलॉजी सेकंड इयर. विषय सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायकांची आर्थिक स्थिती. मॅडमनी सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) परत दिलाय, लाल पेनने लिहिलंय "सॅम्पलिंग फ्रेम कुठाय? युनिट काय?" आणि व्हेरिएबलच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह. व्याख्या पाठ आहेत हो, पण माझ्या विषयाला लावायच्या कशा तेच कळंना झालंय. कुंभारीच्या घरकुलात, म्हणजे विडी कामगार बायकांच्या स्वतःच्या घरांच्या वसाहतीत, ओळखीच्या पन्नासेक बायका आहेत, त्यांचेच फॉर्म भरून घेतले तर चालतंय का?

गड्ड्यावरचा_पाळणा:
पॉप्युलेशन म्हणजे ज्यांच्याबद्दल शेवटी तू निष्कर्ष लिहिणार ते सगळे. फ्रेम म्हणजे त्यांची हातात असलेली खरीखुरी यादी, जिच्यातून सॅम्पलसाठी, म्हणजे प्रत्यक्ष ज्यांचे फॉर्म भरायचे त्यांची, नावं काढायची. आता गोची बघ, यादीत जिचं विडी कामगार म्हणून नोंदीचं कार्ड तिचंच नाव, पण घरात एका कार्डावर सासू वळती, सून वळती, शाळेतून आलेली पोरगी पण हातभार लावती, मग काढलेलं एक नाव म्हणजे एक कामगार का एक घर? हेच युनिट. ते आधी ठरव बे, बाकीचं त्याच्या मागून येतंय. घर धरलंस तर उत्पन्न घराचं, बाई धरलीस तर त्या कार्डावर किती जणी वळतात हे पण विचारायला लागतंय.

व्हेरिएबल म्हणजे जे माणसागणिक बदलतं. तुझ्याकडं सगळ्या बायकाच, मग लिंग हा व्हेरिएबलच नाही. आणि "आर्थिक स्थिती" अशी थेट मोजता येत नाही, तिची ऑपरेशनल डेफिनिशन दे, म्हणजे मागच्या महिन्याची मजुरी, बचत गटाचं कर्ज, घर स्वतःचं का भाड्याचं, असलं काहीतरी.

शेंगाचटणी_स्टॅट्स:
ओळखीच्या पन्नास म्हणजे कन्व्हिनियन्स सॅम्पल, सोयीनं हाताला लागतील तेवढ्या. घे, पण तसं स्पष्ट लिही. सगळ्या घरकुलातल्या, आणि तू घर स्वतःचं का विचारणार, उत्तर आधीच ठरलेलं की! सॅम्पल किती मोठं घ्यायचं ते काढायला कुणीतरी यामानेचा फॉर्म्युला पण देईल तुला, १०,००० लोकसंख्या, ५ टक्के एरर, ३८५ जणी. तो रँडम सॅम्पलसाठी आहे, म्हणजे यादीतून चिठ्ठ्या टाकल्यागत नावं काढली तर; ओळखीच्या ३८५ गोळा केल्यास तरी बायस (एका बाजूला झुकलेली निवड) जागच्या जागी.

कडक_भाकरी:
बऱ्याच जणींना तेलुगूच सोयीचं पडतं, फॉर्म मराठीत. तोंडी भाषांतर करून विचारू का?

गड्ड्यावरचा_पाळणा:
नको. तू एक शब्द वापरणार, मदतीला फॉर्म भरणारा तुझा मित्र दुसरा, विचारणाऱ्यागणिक उत्तर बदललं की रिलायबिलिटी गेली. तेलुगू फॉर्म लिहूनच घे, दुसऱ्याकडून परत मराठीत करवून मूळ प्रश्नाशी जुळतोय का बघ. व्हॅलिडिटी वेगळी, बाई दर वेळी तेच उत्तर देईल पण ती सांगती पीएफ कापून हातात आलेली मजुरी आणि तू धरतोस एकूण, म्हणजे मोजलंस भलतंच. आधी दहाएक जणींवर पायलट, म्हणजे फॉर्मची चाचणी, कर, त्यांना फायनलमध्ये घेऊ नको.

शेंगाचटणी_स्टॅट्स:
हायपोथिसिसला (तपासून बघायचं विधान) "स्थिती वाईट आहे" नको, दोन व्हेरिएबलांचा संबंध पाहिजे. नल, म्हणजे संबंध नाही असं धरणारा हायपोथिसिस, लिही: शिक्षण आणि बचतीचा संबंध नाही. टेस्टमध्ये तो रिजेक्ट झाला नाही तर "संबंध नाही हे सिद्ध झाले" असं लिहू नको बरं का, व्हायवाला तिथंच धरतात.