मदत हवी आहे: पॉर्न सुटत नाही, मेंदू कायमचा बिघडतो का?

अडकलेला_एक: ब्लॉकर टाकून झाले, ॲप काढून झाली. रात्री पुन्हा तेच. मेंदू आक्रसतो असं एका व्हिडिओत ऐकलं. तो पूर्ववत होतो की नाही, एवढंच सांगा. उपदेश नकोत.

सह्यवारा: वय? लग्न झालंय? रोज किती वेळ जातो? काहीच माहीत नसताना काय सांगणार!

माळकरी: पहाटे सूर्यनमस्कार आणि गार पाण्याने आंघोळ. माझी तंबाखू यानेच सुटली.

जास्वंद: माळकरीकाका, तंबाखूत निकोटिन असतं, इथे बाहेरून काही आत जात नाही. आक्रसण्याची गोष्ट बर्लिनच्या २०१४ च्या अभ्यासातली. ६४ पुरुष, जास्त पाहणाऱ्यांच्या मेंदूत एका ठिकाणी करडा भाग, म्हणजे मुख्यतः पेशी असतात तो भाग, कमी दिसला. पण स्कॅन एकदाच काढलेले. पाहिल्याने कमी झाला की मुळातच कमी होता, हे त्यावरून ठरत नाही. घाबरू नका.

निखळ: म्हणजे व्यसन नाहीच? केंब्रिजच्या अभ्यासात ड्रग्जच्या व्यसनात पेटतात तेच भाग पेटलेले दिसले होते.

जास्वंद: दिसले. तरी आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, हे व्यसनांत न धरता आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत धरलंय. वाद अजून चालू आहे.

कायदेपंडित: प्रौढांचं खासगीत पाहणं आपल्याकडे गुन्हा नाही. लहान मुलांचं असेल तर मात्र नुसतं पाहणंही गुन्हा.

अडकलेला_एक: कायदा कुणी विचारला? वय २९, लग्न ठरलंय. कामाचा ताण असला की जास्त होतं. आता मजाही येत नाही, तरी हात जातोच.

जास्वंद: हे आधी सांगायचं ना! हवंसं वाटणं आणि आवडणं, मेंदूत दोन्हींची यंत्रणा वेगळी. डोपामिन हे मेंदूतलं रसायन मुख्यतः ओढीचं काम करतं, म्हणून मजा संपली तरी ओढ उरते. तुमचं नेमकं तेच दिसतंय. त्यात ताण हा ती ओढ जागवणारा इशारा बनलाय. नुसत्या ब्लॉकरने ताण कसा जाईल?

चिऊची_आई: मुलाच्या फोनसाठी कोणता ब्लॉकर चांगला?

सह्यवारा: ताई, वेगळा धागा काढा. अडकलेला, रात्री फोन कुठे असतो?

अडकलेला_एक: उशाशी. गजर लावतो.

सह्यवारा: गजराचं घड्याळ घ्या आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा.

जास्वंद: आणि १४४१६ ला फोन करा. टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, मोफत, मराठीत बोलता येतं. लग्नाआधीच करा.