महामार्गाच्या पर्यावरण जनसुनावणीत मराठीतून हरकत कशी द्यायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं शेत बेळगाव तालुक्यात, नाल्याकाठी. शिवारातून नवीन राष्ट्रीय महामार्ग जायचा आहे. त्याच्या पर्यावरण परवानगीसाठी पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. पंचायतीत महामार्गाच्या पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश बघायला मिळाला, कन्नड आणि इंग्रजीत. आमच्या वडिलांची, चुलत्यांची शाळा मराठीत झाली. मी वाचून सांगतोय, पण सुनावणीत बोलायचं आहे त्यांनाच, कारण पाणी कुठून कसं उतरतं ते त्यांना ठाऊक.

खरी काळजी पाण्याचीच आहे. सारांशातले पाण्याचे नमुने मार्च ते मे मधले. तेव्हा नाल्यात म्हशी डुंबतील एवढंही पाणी नसतं. नकाशात नाला म्हणजे एक रेघ. पण जुलैत लावणीच्या वेळी वरच्या शेतांतलं पाणी बांधांवरून खाली येतं आणि सगळा पट्टाच वाहतो. त्यावर आडवा भराव टाकून मोऱ्या फक्त त्या रेघेवर ठेवल्या, तर बाकीचं पाणी जाणार कुठं? बळ्ळारी नाला चढला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भात कसं कुजतं ते इकडच्यांना सांगायला नको. आणि पाणी उतरायला उशीर झाला की भातानंतरच्या मसूर-वाटाण्याची पेरणीही हुकते.

हरकत मराठीत घेतात का? द्यायची कुणाकडे? गावात काही जण म्हणतात, भूसंपादनाला हरकत दिली आहे, आता ही वेगळी कशाला. कुणी अशा सुनावणीला गेलं असेल तर कृपया सांगा.

उत्तर – खानापूरहून

दादा, ही वेगळी द्यायलाच हवी. भूसंपादनाची हरकत १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली, अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत, भूसंपादनाच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जाते. ही २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखालची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायची. एक दिली म्हणून दुसरी धरत नाहीत.

मराठीत बिनधास्त लिहा. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. अर्जात कलमाचा उल्लेख करा आणि कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा, म्हणजे परवानगीचा प्रस्ताव तपासणाऱ्या दिल्लीच्या तज्ज्ञ समितीलाही मुद्दा कळेल. शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय परतू नका.

नुसतं ‘आमचा विरोध आहे’ लिहिलं तर एका ओळीत उत्तर देऊन मोकळे होतात. सर्व्हे नंबर घाला, पाणी कुठल्या बांधावरून येतं ते हातानं काढलेल्या नकाशात दाखवा, पावसाळ्यातलं सर्वेक्षण आणि जादा मोऱ्या मागा. सारांशावर थांबू नका. पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा पंचायतीत बघायला ठेवावा लागतो, त्यातला पाण्याच्या निचऱ्याचा भाग वडिलांना समजावून सांगा.

सुनावणीचं चित्रीकरण होतं. शेवटी नोंदवलेले मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असतात. त्यावेळी लोक उठून जायला लागतात, तुम्ही मात्र थांबा. वडिलांचा मुद्दा गाळला असेल तर तिथंच उभं राहून सांगा. परवानगी मिळालीच, तर ३० दिवसांत हरित लवादाकडे अपील करता येतं. आपल्याला चेन्नईचं खंडपीठ.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार, फार मोठी मदत झाली. उद्या चुलत्यांना घेऊन बांधावर जातो आणि नकाशा काढतो. मराठी अर्जाचं कन्नड करून देणारं कुणी बेळगावात असेल तर इथंच कळवा.