जन्मठेपेचा कैदी सुटला तर त्याला उभं करायचं काम सरकारचं का?

म्हापशेकार
जन्मठेप म्हणजे १४ वर्षं आणि मग घरी, असं आपल्याकडे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळे धरून चालतात. तसं नाहीये. १९६१ साली गोपाळ गोडसेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. १४ वर्षं ही १९७८ ला आलेली किमान अट, खुनासारख्या गुन्ह्यात तेवढी आत काढल्याशिवाय सरकारला सूट देता येत नाही. पुढे सोडायचं की नाही ते सरकारच्या मर्जीवर.
आता समजा खाणीवर ट्रक चालवणारा एक जण २००९ ला आत गेला आणि आता कोलवाळच्या जेलातून सुटला. २०१२ ला खाणी बंद, २०१८ ला परत बंद, ट्रक भंगारात, घर भावांनी वाटून घेतलेलं, भाड्याची खोली बघायला गेला तर घरमालक भाडेकरूचा पोलीस फॉर्म पुढे करणार, आणि चहाचे पैसेसुद्धा क्यूआरने. याने करायचं काय? माझं मत, सुटायच्या आधी दोनेक वर्षं त्याच्यावर खर्च करा. काम शिकवा, बँक खातं, आधार, सगळं आतच करून द्या.

साखळीची_बाय
आणि ज्याचा खून झाला त्याच्या बायकोचं आधार कोण करून देणार? तिला गेली पंधरा वर्षं कोणी विचारलं? गुजरातेत २०२२ ला बिल्किस बानो बलात्कार-खून केसमधले ११ जन्मठेपेचे कैदी सोडले, हार घातले, पेढे वाटले, २०२४ च्या जानेवारीत कोर्टाला ती सूट रद्द करून परत आत घालावे लागले. मला पुनर्वसन म्हटलं की तेच हार आठवतात.

फोंड्याचा_वकील
बाय, तो राग बरोबर आहे पण तिथे सूट चुकीच्या सरकारने दिली होती, खटला महाराष्ट्रात चालला होता. पुनर्वसनाशी त्याचा संबंध नाही. तुमचा मुद्दा कायद्यात आहे की. १९९८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कैद्याला रास्त मजुरी द्या आणि त्यातला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढा. म्हणजे कैदी कमावता झाला तरच त्या बाईच्या हातात काहीतरी पडणार, नुसता बसवून ठेवलात तर दोघांनाही शून्य. शिवाय २०२५ च्या फेब्रुवारीत कोर्टाने सांगितलंय की राज्याचं सुटकेचं धोरण असेल तर पात्र कैद्याचा विचार अर्जाची वाट न बघता करायचा. तेव्हा माणसं बाहेर येणारच आहेत, तयारीने की बिनतयारीने एवढंच ठरवायचंय.
आणि हे फॉरेनचं खूळ नाही हां. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंध संस्थानने १९३९ साली खुली वसाहत काढली, कैदी बायकापोरांसकट राहून शेती करायचे.

काणकोणकार
औंधात जमीन होती राव. इथे सेटलमेंट झोनच्या, म्हणजे घर बांधता येतं अशा जमिनीच्या एका तुकड्यासाठी भाऊ भावावर कोर्टात जातो आणि तुम्ही खुल्या जेलला शेत देणार? आमची पोरं डिग्री घेऊन क्रूझवर जातायत, त्यांना कोण ट्रेनिंग देतो फुकट? आधी खून करावा लागेल वाटतं.

म्हापशेकार
आग्वादच्या जेलचा म्युझियम करायला पैसे निघाले तेव्हा पोरांच्या नोकऱ्या नाही आठवल्या कोणाला.

साखळीची_बाय
वकीलसाहेब, मजुरीतला भाग म्हणजे महिन्याला किती, तो आकडा टाका मग बोलू. कागदावरचा हक्क आमच्याकडेपण खूप आहे. मी सरसकट विरोधात नाही, फक्त सोडायच्या आधी त्या घरच्यांना समोर बसवून विचारा, बस्स. सुटका ठरवणाऱ्या बोर्डाची मीटिंग झाली आणि पेपरात वाचून कळलं असं नको. आणि इथे बोलणाऱ्यांपैकी स्वतःकडे कामाला ठेवणार कोण ते पण सांगा.

म्हापशेकार
मी ठेवीन. गॅरेज आहे माझं. बांधावरच्या भांडणात एकदाच हात उठलेला असेल तर सराईत चोरापेक्षा तोच बरा.

काणकोणकार
गॅरेज कुठे आहे ते सांगून ठेवा, गाडी दुसरीकडे नेतो.